डाग, डागिना आणि डिझायनर

एका ताईंनी विचारलंय: बाजारातून मणी आणि पेंडंट आणून त्या घरी माळा ओवतात आणि विकतात. अशा कामाला 'ज्वेलरी डिझायनर' म्हणावं का, आणि त्याला मराठी शब्द कोणता?

मराठी शब्दाचं आधी. 'आभूषण अभिकल्पक' हा शब्द कृपा करून कुणी सुचवू नका. परिभाषावाल्यांनी डिझाइनला 'अभिकल्प' केलं, ते कागदावर राहिलं. पेठेतल्या एकाही सोनाराच्या तोंडी तो बसणार नाही. 'डिझायनर' रुळलाय, राहू द्या. चीड येते ती तो विशेषणासारखा चिकटवतात तेव्हा. 'डिझायनर मंगळसूत्र', 'डिझायनर बांगडी'! ज्या बांगडीला डिझाइन नाही अशी बांगडी कुणी दाखवावी. साधी पाटलीही कुणीतरी ठरवूनच घडवलेली असते.

डिझाइनच्या मुळाशी लॅटिन 'सिग्नम' आहे, म्हणजे खूण. आता आपला दागिना घ्या. खेड्यात अजून सर्रास 'डागिना' म्हणतात. शहरी माणसं ते अशुद्ध समजतात, मला मात्र तेच रूप बोलकं वाटतं. फारसीत 'दाग' म्हणजे डागल्याची खूण. अलाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने फौजेतले घोडे डागून घेतले ते एवढ्याचसाठी, की मोजणीला उभा केलेला घोडा बदललेला नसावा. खूण केलेला तो एक नग. आपण एसटीवर 'सामानाचे डाग किती?' विचारतो तो डाग हाच असणार, आणि जुन्या कोशांत दागिन्याचा 'एक नग, एक वस्तू' हाही अर्थ दिलेला आहे. खूण, मग खुणेचा नग, मग मोलाचा नग असा हा प्रवास झाला, असं माझं मत आहे. काही मंडळी 'दाग' थेट संस्कृत 'दग्ध'पासून ओढून आणतात. ते चूक आहे. दाग आणि दाह हे एका आजोबांचे नातू आहेत, बापलेक नव्हेत. शब्द आपल्याकडे आला तो फारसीतून.

आणि सोनाराचा डाग तर वेगळाच. त्याच्याकडे डाग म्हणजे सांधा जोडण्याचं झाळण. ते दागिन्याच्या सोन्याआधी वितळलं पाहिजे, म्हणून त्यात चांदी, तांबं मिसळतात. दुकानांच्या पाट्यांवर 'केडीएम' दिसायचं, ते याच डागातलं कॅडमियम, डाग लवकर वितळावा म्हणून घातलेला धातू. लोक त्याला शुद्धतेचा शिक्का समजत. तो शिक्का नव्हता, आणि कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक. एका दागिन्यात चार सांधे असतील तर पहिला डाग जास्त आचेला वितळणारा आणि पुढचे उतरत्या आचेचे लागतात, नाहीतर चौथा जोडताना पहिला सुटतो. जुना सोनार ठुशी हातात घेतली की आधी उलटी करतो आणि पाठीमागून नख फिरवतो. डाग कुठे पडलाय, किती भरलाय हे त्याला बघायचं असतं.

माझ्या मते डिझायनर तो, ज्याला चित्र काढतानाच डाग कुठे पडणार हे ठाऊक असतं. संगणकावर काढा नाहीतर पाटीवर, फरक नाही. पत्रा किती जाड, कडी कुठे, नथीचा फास नाकाला टोचणार की नाही, हे ज्याने ठरवलं त्याचा तो दागिना. 1363 साली इंग्लंडमध्ये कायदाच झाला, की प्रत्येक उस्ताद सोनाराची स्वतःची खूण असावी. आपल्याकडे 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला. त्यातून सोन्याचा कस कळतो. घडवणाऱ्या हाताचं नाव त्यात नसतं. कोल्हापुरी साज पहिल्यांदा ज्याने घडवला त्याचं नाव कुणाला ठाऊक आहे?

ताईंचा प्रश्न राहिलाच. मणी कोणता, कुठे आणि किती अंतरावर हे तुम्ही ठरवत असाल, गळ्यात माळ कशी बसेल ते बघत असाल, तर म्हणा खुशाल डिझायनर. दुसऱ्याच्या फोटोवरून ओवत असाल तर नको. आणि ओवण्याच्या या कामासाठी मराठीत शब्द आहे: पटवेकरी. दागिने रेशमात गाठवणारा. मंगळसूत्र तुटलं की आपल्या आज्या त्याच्याकडेच जायच्या, आणि त्याची गाठ वर्षानुवर्षं सुटत नसे.