सही करण्याआधी नियमावली वाचा

अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदारमतवादी धर्मपंथाच्या मंडळीचं, म्हणजे स्थानिक उपासक-समूहाचं, सभासद व्हायचं असेल, तर आधी तिची नियमावली मागून घ्या. सभासद कोण, हे त्यातलं कलम ठरवतं. १९६१ साली स्थापन झालेली मध्यवर्ती संघटना नव्हे. प्रत्येक मंडळी स्वायत्त असते.

श्रद्धेची कबुली कुणी मागत नाही. देव मानता की नाही, घरी गणपती बसवता का, यावर काही अडत नाही. बहुतेक ठिकाणी ओळखवर्ग आणि सभासद-वहीत सही, एवढंच. पण सही केली की लगेच मताधिकार मिळतोच असं नाही. अनेक नियमावल्यांत काही दिवस थांबावं लागतं, शिवाय वर्षातून एकदा तरी स्वतःच्या नावावर नोंदलेली वर्गणी लागते. नवखे इथेच चुकतात: रविवारी उपासनेत फिरवलेल्या दानाच्या थाळीत टाकलेली रोकड कुणाच्याच नावावर चढत नाही. चेकने किंवा ऑनलाइन द्या. परवडत नसेल तर सूट मागा, संकोच अजिबात नको.

वार्षिक सभा चुकवू नका. अंदाजपत्रक आणि विश्वस्तांची निवड तिथेच होते. यादीत २०० नावं आणि गणपूर्ती २० टक्के असेल, तर ४० माणसं हवीत. गाव सोडून गेलेल्यांची नावं वेळेवर काढली नाहीत, तर सभा उगाच अडते.

धर्मगुरूही सभासदच मतदानाने नेमतात. उमेदवार साधारण आठवडाभर मंडळीत राहतो, दोन रविवारी प्रवचन देतो, मग मतदान. नियमात कमी टक्के पुरेसे असले, तरी नव्वद टक्क्यांच्या आसपास मतं नसतील तर उमेदवार बहुधा नकार देतो. म्हणून त्या आठवड्यात त्यांना भेटा, प्रश्न विचारा.