व्हिडिओ पाहिला, म्हणजे अभ्यास झाला?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. भूमितीचे व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहते, ‘सगळं कळलं’ म्हणते आणि चाचणीत प्रमेय अर्धवट सोडून येते. मोबाइल काढून घेऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, काढून घेऊ नका, शिकवणीच्या नोट्सही आता व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात. लेक खोटं बोलत नाहीये, पाहताना खरंच कळतं. पायथागोरसच्या प्रमेयात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा असतो. पडद्यावर तो कुणीतरी आधीच टाकून दिलेला असतो. कोऱ्या कागदावर मात्र आपला आपल्याला सुचावा लागतो, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. मी गणिताचा मास्तर, वर्गात हेच बघत आलोय.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. ५ मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

तेव्हा व्हिडिओ बघू दे, वेगही तिचा तिला ठरवू दे (त्यावरून घरात रोज भांडण नको). संपला की मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि आकृतीसकट सिद्धता वहीत. अडली, तर तेवढाच तुकडा पुन्हा लावायचा.