लाल सिग्नलपाशी थांबलेली लोकल, सिग्नल लालच असताना पुढे कशी काय जाते? आणि हे नियम सगळ्या रेल्वेत सारखेच असतात का?

नियमातच तशी मुभा आहे, पण ती प्रत्येक लाल सिग्नलला नाही. पुढच्या वेळी सिग्नलच्या खांबाकडे बघा. पांढऱ्या गोल पाटीवर काळ्या रंगात इंग्रजी 'ए' असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल. तो लाल असतानाही ओलांडता येतो, मात्र ठरलेल्या पद्धतीनेच. 'ए' नसेल तर सहसा लाल म्हणजे थांबा, आणि परवानगीशिवाय गाडी जराही पुढे गेली तर चौकशी ठरलेली.

हा फरक कशासाठी? ऑटोमॅटिक सिग्नल स्टेशनमास्तर चालवत नाही, गाड्याच चालवतात. रुळांतून कमी दाबाची वीज खेळवलेली असते. गाडी आली की तिच्या चाकांमुळे दोन्ही रूळ जोडले जातात, रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. (बऱ्याच मार्गांवर हेच काम चाकांचे आस मोजणारे ॲक्सल काउंटर करतात.) ती गाडी पुढच्या सिग्नलच्याही किमान 120 मीटर पलीकडे जाईपर्यंत तो लालच राहतो. पण रूळ तुटला, केबल गेली किंवा पावसाळ्यात खडीत पाणी आणि चिखल साचून वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपली, तरी रिले पडतोच. म्हणजे समोर गाडी नसतानाही लाल. दर बिघाडाला स्टेशनवरून लेखी परवानगी मागवायची म्हटलं तर मागच्या सगळ्या लोकल अडकतील, म्हणून नियम क्रमांक 9.02 आहे.

तो असा. मोटरमनने गाडी सिग्नलच्या अलीकडे पूर्ण थांबवायची. दिवसा 1 मिनिट, रात्री 2 मिनिटं वाट पाहायची. तेवढ्या वेळात गार्ड मागच्या बाजूला हाताने लाल सिग्नल दाखवतो, दिवसा झेंडी आणि रात्री दिवा. वेळ संपूनही सिग्नल लालच असेल तर गार्डशी ठरलेल्या खुणांची देवाणघेवाण करायची आणि अडथळा दिसताच त्याच्या अलीकडे थांबता येईल अशा बेताने निघायचं. समोरचं स्वच्छ दिसत असेल तर ताशी 15 किमीपर्यंत. वळण, धुकं किंवा जोरदार पाऊस असेल तर कोणत्याही परिस्थितीत 10 च्या वर नाही. ताशी 15 किमी म्हणजे सेकंदाला जेमतेम 4 मीटर, ताशी 60 म्हणजे जवळपास 17. आपल्याच रुळावर उभ्या गाडीचा शेवटचा डबा अचानक दिसला तर सगळं या फरकावर ठरतं.

याच नियमातला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकदा लाल ऑटोमॅटिक सिग्नल ओलांडला की पुढचा सिग्नल हिरवा दिसला तरी वेग वाढवायचा नाही. त्या सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत तसंच सावकाश जायचं, त्याचा हुकूम पोहोचल्यावरच मानायचा. कारण तो हिरवा दिवा त्याच्या पलीकडच्या रुळाबद्दल सांगतो, अलीकडच्या नाही. पुढची गाडी त्या हिरव्या सिग्नलच्या जरा अलीकडे काही कारणाने उभी असू शकते आणि हिरवा तिच्यासाठी असू शकतो. वळणावर तर दिवा दिसतो, गाडी दिसत नाही.

17 जून 2024 ला पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडी धडकली, ती अशाच विभागात. ऑटोमॅटिक सिग्नल सकाळपासून बंद होते आणि लोको पायलटांना ते ओलांडण्यासाठी टी/ए 912 हा फॉर्म दिला होता. फॉर्मवर वेगाचा आकडा नव्हता. त्या सकाळच्या गाड्यांपैकी काहींनी प्रत्येक सिग्नलला थांबून सावकाश प्रवास केला, बाकीच्यांनी नाही. माझं स्पष्ट मत आहे की असा आकडा नियमाच्या पुस्तकात असून भागत नाही, तो हातात दिलेल्या कागदावरही छापलेला हवा.

'ए' नसलेला लाल सिग्नल बहुधा स्टेशनच्या हद्दीत असतो. तिथे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे असतात, समोरून किंवा बाजूने दुसरी गाडी येत असू शकते. म्हणून लेखी परवानगी हवी किंवा त्याखालचा 'सी' पाटीचा छोटा पिवळा कॉलिंग-ऑन सिग्नल (जपून पुढे या, असं सांगणारा) मिळायला हवा. काही सिग्नलांवर दिव्याचा 'ए' असतो: पेटलेला असेल तर ऑटोमॅटिक, विझलेला असेल तर साधा थांबा सिग्नल.

आता दुसरा प्रश्न. भारतीय रेल्वेचे 1976 चे जनरल रूल्स सगळ्या झोनना तेच, त्यांचे क्रमांकही तेच. 9.02 चर्चगेटला जो, तोच सियालदहला. त्याच क्रमांकाखाली प्रत्येक झोन आपले सहायक नियम जोडतो. ते मूळ नियमाला छेद देऊ शकत नाहीत, फक्त स्थानिक गरज भरतात. म्हणूनच कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी घाटांतल्या 1:37 च्या (37 मीटरला 1 मीटर) चढावर मागून लावायच्या बँकर इंजिनांबद्दल मध्य रेल्वेला जेवढं लिहावं लागतं, तेवढं सपाटीवरच्या झोनला लागत नाही. त्याखाली प्रत्येक स्टेशनचे कामकाजाचे नियम वेगळे असतात. मेट्रोला हे पुस्तक लागू नाही, तिचे जनरल रूल्स 2013 चे आणि स्वतंत्र आहेत.