लक्झेंबर्गमधील उदारमतवादी डेमोक्रॅटिक पक्ष सर्वांत मोठा नसतानाही त्याच्याकडे पंतप्रधानपद कसे आले?

आघाडीच्या गणितामुळे. 60 सदस्यांच्या संसदेत 2013 साली ख्रिश्चन सोशल पक्षाला सर्वाधिक, म्हणजे 23 जागा मिळाल्या होत्या; परंतु 13 जागांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने तितक्याच जागा असलेल्या समाजवाद्यांना आणि 6 जागांच्या ग्रीन पक्षाला सोबत घेऊन 32चे बहुमत जुळवले आणि झाव्हिए बेटेल पंतप्रधान झाले. हा प्रयोग तसा नवा नव्हताच, कारण याच पक्षाचे गास्तों टॉर्न यांनी 1974 ते 1979 या काळात समाजवाद्यांसह सरकार चालवले होते. माझ्या मते या पक्षाचे खरे बळ संख्येपेक्षा लवचिकतेत आहे: 2023 साली त्याने जुन्या प्रतिस्पर्ध्याशीच, म्हणजे ख्रिश्चन सोशल पक्षाशी, युती केली आणि बेटेल उपपंतप्रधान व परराष्ट्रमंत्री झाले.