दिव्याखालची पावडर

प्रश्न : आम्ही व्हे प्रोटीनची (चीज करताना उरणाऱ्या दुधाच्या निवळीतलं प्रथिन) पावडर आणून, मिसळून पाकिटांत भरतो. एका बॅचमध्ये साल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जंतू निघाला. वाफ दिली तर गोळे होतात, म्हणून पट्ट्यावर इन्फ्रारेड दिवे बसवायचा विचार आहे. ऑटोक्लेव्हचं (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) १२१ अंश, १५ मिनिटांचं गणित इथे चालेल का?

उत्तर : नाही. ते गणित दाबाखालच्या वाफेचं. कोरड्या हवेत काचेची भांडीसुद्धा १६० अंशांना दोन तास ठेवावी लागतात. तुमची पावडर तोवर करपून जाईल. दुधातला साल्मोनेला ७२ अंशांना १५ सेकंदांत मरतो, पण कोरड्या पावडरीत तेवढ्याच उष्णतेत तो तासन्‌तास तग धरतो. म्हणून पूर्ण निर्जंतुक करायचा हट्ट सोडा. साल्मोनेला पुरेसा कमी करणं एवढंच साधेल, आणि बॅसिलस जंतूंचे बीजाणू (त्यांची उष्णतेला दाद न देणारी सुप्त रूपं) त्यातूनही उरतील.

कोरडेपणा प्रथिनालाही सांभाळतो, हे आपल्या पथ्यावर पडतं. अंड्याच्या पांढऱ्याची पावडर ५४ अंशांच्या खोलीत सात-सात दिवस ठेवतात आणि तरीही तिचा फेस येतो. मला ही संथ पद्धत दिव्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. व्हेमध्ये मात्र लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आडवं येतं. ३५ टक्के प्रथिनाच्या पावडरीत ते जवळपास निम्मं असतं; तापवलं की प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाशी जुळतं, रंग पिवळट होतो आणि पोषण घटतं. तुमचा माल ३५ टक्क्यांचा की ९०चा, हे पत्रात नाही. आधी ते बघा.

दिवे बसवायचेच असतील तर थर अगदी पातळ आणि सतत हलता हवा. हे किरण फार आत शिरत नाहीत आणि पावडरीत हवा भरलेली, त्यामुळे उष्णता खाली झिरपत नाही. वरून रोखलेला तापमापक फक्त पृष्ठभाग सांगतो, त्यावर विसंबू नका. चाचणीला खरा साल्मोनेला कारखान्यात नकोच. त्याच्याऐवजी एन्टेरोकॉकस फीसियम या जंतूचा निरुपद्रवी वाण वापरतात. आणि उडती प्रथिनधूळ तापलेल्या दिव्याजवळ पेट घेते, स्फोटही होतो. धूळ ओढणारी यंत्रणा नसेल तर हा बेत इथेच थांबवा.

खरं तर व्हे वाळवण्याआधी पाश्चराइझ झालेलं असतं. म्हणजे जंतू बहुधा नंतर शिरला : ओल्या पुसण्यातून, छताला धरलेल्या दवातून किंवा मिश्रणात टाकलेल्या दुसऱ्या घटकातून. मिक्सरच्या सांध्यांचे आणि जमिनीच्या फटींचे स्वॅब (बोळ्यानं पुसून घेतलेले नमुने) घ्या. ती बॅच बाजूला ठेवा, नव्या मालात मिसळू नका.