वाचकांचे प्रश्न : जर्मनीतलं एक गिरणगाव

प्रश्न : यंत्रमागावर टॉवेल-चादरीचा धंदा आहे. जानेवारीत प्रदर्शनासाठी फ्रँकफर्टला जायचंय. दोन दिवस हाताशी आहेत. जुनं कापडगाव बघायचं तर कुठलं? – एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : सॅक्सनीतलं क्रिमिचाऊ. प्लाइसे नदीकाठच्या या गावाचं नाव १२१२च्या दस्तऐवजात सापडतं; पुढं गिरण्या इतक्या वाढल्या, की ‘शंभर धुराड्यांचं गाव’ म्हणू लागले. फ्रँकफर्टहून लाइपझिग गाठा, तिथून त्स्विकाउकडे जाणाऱ्या लोकलने तासाभरात पोचाल.

बघायची ती फाऊ बंधूंची गिरणी. १९९०मध्ये बंद पडली, यंत्रं जागच्या जागी ठेवून तिचं संग्रहालय केलंय. चादर तिथं शोधू नका, सगळा कारभार लोकरीचा. कच्च्या लोकरीपासून तयार कापडापर्यंत सगळं एकाच आवारात. आपल्या सुतासारखं ड्रॉइंग, सिम्प्लेक्स (पेळू ओढून बारीक करत नेण्याचे टप्पे) इथं नाही. कार्डिंगमधून, म्हणजे लोकर पिंजण्या-विंचरण्यातून, निघालेला पातळ थर पट्ट्यांत चिरून चोळतात आणि थेट म्यूल या कताईयंत्रावर पीळ देतात.

खरी गंमत मागानंतर सुरू होते. विणलेलं कापड कोमट साबणपाण्यात दाबून-कुटून घट्ट करतात. लोकरीच्या तंतूला खवले असतात, ते एकमेकांत अडकून कापड आटतं. म्हणून मागावर पन्हा बराच जास्त धरावा लागतो. कुटाई जास्त झाली, की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ. आणि मधून मधून उघडून फिरवलं नाही, तर घडीच्या रेघा कायमच्या. मग काटेरी बोंडांनी लव उठवून ती एकसारखी कापायची. कापसाला खवले नाहीत, त्यामुळं आपली चादर अशी घट्ट होत नाही. धुतल्यावर ती आटते ती मागावरचा ताण सुटल्यामुळं.

यंत्रं चालताना बघायची असतील तर मार्गदर्शकासोबतच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा. सोमवार टाळा, जर्मनीतली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

जुन्या गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या सोलापूरकराला इथला संपही ठाऊक असावा. ऑगस्ट १९०३मध्ये ११ तासांचे १० करा म्हणून कामगार उठले. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. घोषणा अशी : एक तास आमच्यासाठी, एक घरच्यांसाठी, एक जगण्यासाठी. मालकांनी गिरण्यांची दारं लावून घेतली. जानेवारी १९०४मध्ये सगळे हात हलवत कामावर परतले. दहा तासांचा कायदा १९०८मध्ये झाला, तोही फक्त बायकांसाठी.