मी स्वतःच्या पायांनी गेले होते

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई एका बुवाकडे घेऊन गेल्या. 'माझ्या शक्तीने तुझी कूस उजवेल' असं सांगून त्याने माझ्याशी संबंध ठेवले. मी ओरडले नाही, पुन्हाही गेले. आता तक्रार कोण ऐकणार? (लांजा तालुका)

उत्तर : ताई, तुम्ही गेलात ते मुलासाठी. त्याने काय केलं, ते महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत जवळपास शब्दशः आहे: मूल न होणाऱ्या स्त्रीला अलौकिक शक्तीने मातृत्व देतो म्हणून शरीरसंबंध ठेवणं. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं.

शिवाय भारतीय न्याय संहिता आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने बलात्कार केला तर कलम ६४ नुसार किमान १० वर्षं. बलात्कार ठरला नाही, तरी त्या जागेचा गैरफायदा घेऊन बाईला भुलवल्याचं कलम ६८ आहे, ५ ते १० वर्षांचं. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुनी दंडसंहिता लागेल, तिच्यातही अशी कलमं होती. आणि ओरडला नाहीत म्हणजे संमती दिलीत, असं कायदा मानत नाही. कलम ६३ च्या स्पष्टीकरणात ते लिहिलेलंच आहे.

कुठलं कलम टिकेल ते पुराव्यावर ठरेल. म्हणून मेसेज पुसू नका, ताईत-दोरे समुद्रात सोडू नका. गावच्या ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर मुंबईत नातेवाइकांकडे जा, तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी घेतली जाणारी तक्रार, नोंदवता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं, बाईला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : आमच्या चर्चच्या फादरांनी समुपदेशनाच्या नावाखाली माझा गैरफायदा घेतला. आधी बिशपांची परवानगी लागते का? (मालवण)

उत्तर : नाही. बिशपांकडची चौकशी वेगळी, पोलिसांची वेगळी. डिसेंबर २०२१ पासून चर्चच्या कायद्यातही अधिकाराच्या गैरवापराने केलेलं असं कृत्य गुन्हा आहे, पण तुरुंगाची शिक्षा न्यायालयच देऊ शकतं.

प्रश्न : जावेने एका महाराजांविरुद्ध तक्रार दिली. गावकी म्हणते, मागे घे, नाहीतर वाळीत टाकू, शिमग्याची पालखी दारात येऊ देणार नाही. (गुहागर)

उत्तर : हे वाचून संताप आला. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने वाळीत टाकणं गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बलात्काराची तक्रार असेल तर जावेचं नाव छापणं किंवा जाहीर करणं हाही गुन्हा. बैठक कधी झाली, कोण होतं, कोण काय बोललं, आजच वहीत लिहा आणि ती वही घेऊन ठाण्यात जा.